फुलाला भुलू नका, मुळं बघा!

मैत्रिणींनो, प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पुण्याला एम्प्रेस गार्डनमध्ये फुलांचं प्रदर्शन भरतं. मुंबईत राणीच्या बागेतही भरतं. गुलाब, शेवंती, बोन्साय बघत आपण पुढे सरकतो आणि ऑर्किडच्या स्टॉलपाशी पाय थबकतात. जांभळी, पांढरी, ठिपक्यांची फुलं अशी काही झुलत असतात की हात आपसूक पर्सकडे जातो. जाऊ द्या की! वाण्याचं बिल, मुलांची फी, लग्नाकार्यातले आहेर यांतून उरलेले चार पैसे स्वतःच्या हौसेवर खर्च केले तर कुणाचं काय बिघडलं? पण तेच रोप तीन महिन्यांत वाळलं, की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "तुझ्या हातालाच गुण नाही." फार जिव्हारी लागतं हो हे. आणि बहुतेक वेळा ते खरंही नसतं. रोपच आपल्या हवेचं नसतं, नाहीतर विकत घेतानाच दुखणाईत असतं.

म्हणून घरून निघतानाच आपली खिडकी नीट आठवून जा. ऊन सकाळचं येतं की दुपारचं? की येतच नाही? सिंबिडियमची भरगच्च फुलांची काठी बघून कुणालाही भुरळ पडेल. पण त्याला गारवा लागतो. रात्री चांगल्या थंड झाल्याशिवाय ते कळ्या धरत नाही. ठाण्या-डोंबिवलीच्या उकाड्यात नुसती पानं पुसत बसावं लागेल! व्हँडाची मुळं टोपलीतून उघडीच लोंबतात, त्यांना रोज पाणी हवं. आठ दिवस माहेरी जायचं म्हटलं तर त्याच्याकडे कोण बघणार? पहिलंच ऑर्किड असेल तर डेंड्रोबियम घ्या. सकाळचं कोवळं ऊन येणाऱ्या गॅलरीत ते सुखाने राहतं, आपली दमट हवा त्याला मानवते. लग्नाच्या मांडवात जांभळी-पांढरी फुलं दिसतात ना, ती बहुधा ह्याचीच. ऊन अजिबात येत नसेल, नुसता स्वच्छ उजेड असेल, तर फॅलेनॉप्सिस घ्या. रुंद पानांचं, चपट्या फुलांचं. त्याची फुलं दोन-दोन महिने टिकतात. फक्त पाणी घालताना पानांच्या मधल्या बेचक्यात साचू देऊ नका, तिथूनच ते कुजतं.

आता प्रत्यक्ष रोप निवडायचं. भेंडीचं टोक मोडून बघितल्याशिवाय आपण ती पिशवीत टाकत नाही, नारळ हलवल्याशिवाय घेत नाही. मग इथेच का लाजायचं? कुंडी उचला आणि मुळं बघा. टणक, रुपेरी पांढरी आणि टोकाशी हिरवी असतील तर उत्तम. तपकिरी, पोचट, दाबल्यावर पिचणारी असतील तर वर कितीही फुलं असोत, ठेवून द्या खाली. रोप हळूच हलवा. ते लडबडत असेल तर मुळं धरलेली नाहीत. पानांच्या मागे आणि बेचक्यात पांढरा कापूस किंवा तपकिरी खवले दिसले तर ती कीड आहे. असं रोप फुकट मिळालं तरी नको. पान अगदी गर्द हिरवं असेल तर ते तजेल्याचं लक्षण समजू नका, त्याला उजेड कमी पडलेला असतो.

कुंडीत माती नसते, कोळसा, विटांचे तुकडे किंवा नारळाचं सोडण असतं. विकणारा फसवत नाहीये हो! बहुतेक घरगुती ऑर्किडांचं मूळ कूळ झाडांच्या फांद्यांवर राहणारं. बांडगुळासारखी ती झाडाचा रस पीत नाहीत, नुसती आधाराला असतात. मुळांना हवा लागते. मातीत ती गुदमरतात.

सगळी फुलं उमललेलं रोप मोहक दिसतं, पण दोन-चार फुलं आणि बाकी कळ्या असलेलंच घ्यावं. रंगही कळतो आणि घरी पुष्कळ दिवस बहर राहतो. डेंड्रोबियमला निदान तीन-चार जाड काठ्या असाव्यात. स्वस्त मिळतं म्हणून बोटभर रोपं घेतलीत तर फुलासाठी दोन-तीन वर्षं थांबायची तयारी हवी.

एखादा विक्रेता शेवाळलेल्या सालीसकट सीतेची वेणी पुढे करतो. झुबकेदार गुलाबी घोस बघून मोह होतो. पण रानातून ओरबाडलेलं ते रोप आपल्या गॅलरीत क्वचितच जगतं, आणि अभयारण्यातून झाड काढणं तर गुन्हाच. रोपवाटिकेत वाढवलेलंच मागा. नावाची चिठ्ठीही मागून घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी कुणाला विचारायचं तर काय म्हणून विचारणार?

घरी आणल्यावर पंधरा दिवस इतर कुंड्यांपासून लांब ठेवा. बहर असताना कुंडी बदलू नका. मार्च लागला की दुपारच्या उन्हातून आत घ्या. फुलं गळाली, पानं झडली की डेंड्रोबियमच्या जुन्या काठ्या वाळक्या दिसू लागतात. पण त्या टणक असतील तर त्यांत रोपाचा अन्नसाठा असतो, कापायच्या नाहीत. सासूबाई "काय हे लाकूड टांगून ठेवलंय" म्हणाल्या, तरीसुद्धा नाही!