विंचवाचं बिऱ्हाड, फुल चार्ज!

नकाशावर शोधाल तर ठिपक्याएवढं गाव. फीनिक्सहून आय-१० हायवेने पश्चिमेला निघालं की साधारण दोनशे किलोमीटरवर, कॅलिफोर्नियाची हद्द यायच्या थोडंसं आधी, अॅरिझोनाच्या वाळवंटात क्वार्ट्झसाइट लागतं. २०२० च्या जनगणनेत इथली लोकसंख्या होती २,४१३. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या हाऊसिंग कॉम्प्लेक्समध्येही याहून जास्त माणसं सापडतील! उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या बराच वर, त्यामुळे तेव्हा इथे सामसूम. पण जानेवारीत या. मग बघा जत्रा!

ही जत्रा मोटरहोमवाल्यांची. उत्तरेकडच्या बर्फाला कंटाळलेले लोक आपलं चाकांवरचं घर घेऊन इथे उतरतात. अगदी विंचवाचं बिऱ्हाड. कुणाची बसएवढी चकाचक गाडी, कुणाची गंजलेली व्हॅन. दगड, स्फटिक, जुनी हत्यारं, सोलर पॅनल, सगळ्याचे स्टॉल. गावाच्या दक्षिणेला ला पोसा नावाचं सरकारी माळरान आहे. तिथे १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल परमिट काढून मुक्काम ठोकता येतो. आसपासच्या काही जागांवर तर १४ दिवस फुकट! मात्र गाडी जिथे उभी कराल तिथे ना नळ, ना प्लग पॉइंट. तुमची वीज तुम्हीच आणायची. आणि रात्री दहा ते सकाळी सहा जनरेटर बंद. शांतता म्हणजे शांतता.

गावातला सर्वात प्रसिद्ध रहिवासी दफनभूमीत आहे. हाजी अली! आपल्या वरळीचा नव्हे हं. १८५६ मध्ये अमेरिकन लष्कराने वाळवंटात सामान वाहायला उंट आणले, त्यांच्याबरोबर आलेला हा उंटवाला. अमेरिकनांच्या जिभेवर त्याचं झालं ‘हाय जॉली’. १९०२ मध्ये तो गेला. त्याच्या थडग्यावर दगडांचा छोटा पिरॅमिड आहे आणि टोकावर धातूचा उंट.

तर या जत्रेला जायचं माझ्या मावसभावाने ठरवलं. दादा फीनिक्सला आयटीत. ऑनसाईटच्या निमित्ताने मी त्याच्याकडे, आणि नाशिकहून मावशी-काका सहा महिन्यांसाठी आलेले. दादाच्या ड्राइव्हवेमध्ये उभी होती १९७३ ची विनेबागो ब्रेव्ह. आयोवा राज्यातल्या फॉरेस्ट सिटीत जन्मलेली, डॉजच्या चॅसीवरची, अंगावर तो उडत्या ‘डब्ल्यू’चा पट्टा. दिसायला पावाचा डबा, पण दादा-वहिनीचा जीव तिच्यात अडकलेला.

अडचण एकच. काकांना स्लीप अॅप्निया. झोपेत श्वास अडकतो, म्हणून रोज रात्री नाकावर मास्क लावून सीपॅप मशीन सुरू ठेवायचं. डॉक्टरांनी बजावलेलं, एकही रात्र चुकवायची नाही. काकांनी मग नेहमीसारखं जाहीर केलं, ‘‘तुम्ही जाऊन या रे, मी घर सांभाळतो.’’ मावशी म्हणाली, ‘‘मग मीही नाही.’’ झालं! ट्रिपचा प्रश्न येऊन थांबला तो सरळ बॅटरीवर.

इथे एक सांगायला हवं. काका वीज मंडळातून रिटायर झालेले. २००५ नंतरची भारनियमनाची वर्षं आठवतात? तेव्हा तालुक्याच्या गावी वेळापत्रक लावून लोकांच्या शिव्या खाणारा हा माणूस. दादा लॅपटॉपवर बॅटऱ्यांच्या किमती बघत होता, तेव्हा काकांनी एक जुनं पाकीट उलटं केलं आणि पेन मागितलं. ‘‘अरे, बॅटरी नंतर. आधी लोड लिही.’’

दादाने प्रत्येक वस्तू वॅटमीटरवर मोजली. सीपॅप मशीन, त्यातला पाणी गरम करणारा ह्युमिडिफायर आणि गरम नळी धरून, सरासरी ५० वॅट. आठ तासांचे झाले ४०० वॅट-अवर. गाडीतला हीटर गॅसवर चालतो, पण गरम हवा ढकलणारा पंखा बारा व्होल्टवर. तो ९० वॅट. वाळवंटातल्या थंडीत रात्रभरात चार तास तरी फिरणार, म्हणजे ३६०. दिवे, पंप, फोन मिळून ६०. रात्रीची बेरीज ८२०.

आणि गाडीत काय होतं? ८० अँपिअर-अवरची एक लेड-अॅसिड बॅटरी. आपल्या घरच्या इन्व्हर्टरचीच बहीण, डिस्टिल्ड वॉटर पिणारी. तिची गोम अशी की निम्म्याहून जास्त वारंवार उपसली तर ती लवकर मरते. म्हणजे हाताशी जेमतेम ४८० वॅट-अवर. पहाटे दोन-तीनलाच मशीन बंद पडलं असतं. काकांनी पाकीट दादासमोर सरकवलं. बोलले काहीच नाहीत.

मग दोन वीकेण्ड कामाला लागलो. आधी जुन्या वायरी. पन्नास वर्षांत जेवढे मालक, तेवढ्यांचा स्वतःचा टेप, स्वतःचा पंखा, स्वतःचा जुगाड. कुठेच न जाणाऱ्या वायरींचा एक बादलीभर गुंता निघाला! अशा वायरी घासून उघड्या पडल्या तर ठिणगी, आणि गाडीच्या भिंतीत लाकूड. त्यामुळे हे काम सर्वात कंटाळवाणं आणि सर्वात महत्त्वाचं.

त्यानंतर दोन लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या, प्रत्येकी १०० अँपिअर-अवर. दोन्ही मिळून २,५६० वॅट-अवर, आणि त्यातले जवळजवळ सगळे वापरता येतात. वजन तेवढ्याच लेड-अॅसिडच्या निम्म्याहून कमी. २०१७ च्या सुमारास अशी एक बॅटरी हजार डॉलरच्या घरात होती, आता तीनशेच्या आतही मिळते. पण हिची नाटकंही आहेत बरं का. शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते, म्हणून तिची जागा गाडीबाहेरच्या खोक्यातून आत, सोफ्याखाली आली. ती करंट इतका अधाशासारखा ओढते की जुन्या इंजिनाचा अल्टरनेटर तापून जळू शकतो. म्हणून मधे डीसी-टू-डीसी चार्जर बसवला. तो तीस अँपिअरच्या वर जाऊच देत नाही. जुना घरघरणारा चार्जरही गेला, कारण त्याचं व्होल्टेज लिथियमला पुरत नाही. छतावर २०० वॅटची दोन पॅनल आली.

इन्व्हर्टरवरून मात्र घरात वाद झाला. वहिनीला इलेक्ट्रिक किटली हवी होती. काकांनी समजावलं. हजार वॅटची वस्तू नाशिकच्या घरी साधारण साडेचार अँपिअर घेते. बारा व्होल्टच्या बॅटरीतून तेवढ्याच कामाला ऐंशी-नव्वद अँपिअर लागतात! वायर बोटाएवढी जाड हवी, आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात मोठा फ्यूज हवाच हवा. शेवटी तह झाला. छोटा इन्व्हर्टर फक्त लॅपटॉपसाठी. काकांचं मशीन डीसी अॅडॉप्टरवर, थेट बॅटरीतून. आणि चहा गॅसवर. मावशी म्हणाली, ‘‘तसाही तो किटलीत कुठे होतो?’’

जानेवारीतल्या एका शनिवारी ला पोसात पोचलो. रात्री पारा पाचावर. दहाला आजूबाजूचे जनरेटर एकामागोमाग गप्प झाले आणि माळावर अशी शांतता पसरली की कान वाजायला लागले. काकांनी मास्क लावला. दादा दर तासाला उठून मॉनिटर बघत होता, ते मला कळत होतं, कारण झोप मलाही नव्हती. संध्याकाळी १०० टक्के दाखवणारा आकडा पहाटे सहाला ६७ वर होता. मशीन चालू, काका गाढ. मावशीने दादाकडे बघून नुसती मान हलवली आणि आल्याचा चहा टाकला. दुपारी साडेतीनपर्यंत पॅनलनी रात्रीचा हिशोब चुकता केला होता.

सकाळी शेजारच्या व्हॅनमधल्या आजी गप्पा मारायला आल्या. सत्तरीच्या, एकट्या. घरभाडं झेपेना म्हणून गेली काही वर्षं गाडीतच राहतात. ‘नोमॅडलँड’ पाहिलाय ना? २०२० चा तो सिनेमा याच भागात शूट झालाय, आणि त्यातली दुनिया इथे खरोखर शेजारी राहते. आजींकडे एक पॅनल, एक जुनी बॅटरी. रात्री फोन चार्ज करायचा की दिवा लावायचा, हे त्या रोज ठरवतात. आमच्यासाठी जो वीकेण्डचा प्रोजेक्ट होता, ते त्यांच्यासाठी रोजचं जगणं आहे. काकांनी त्यांच्या गाडीत डोकावून पाहिलं. आणखी बॅटरी घ्या असं अजिबात सांगितलं नाही. तीन जुने बल्ब १८-१८ वॅटचे होते, ते बदलून अडीच वॅटचे एलईडी लावायला सांगितले. गावातल्या स्टॉलवर लगेच मिळाले. दादाने दहा मिनिटांत बसवूनही दिले. आजींनी बदल्यात मावशीला गुलाबी स्फटिकाचा तुकडा दिला.

तर मंडळी, भाड्याच्या कॅम्परने फिरा नाहीतर स्वतःची जुनी गाडी सजवा, फंडा तोच. आधी पाकीट उलटं करा, रात्रीचा लोड लिहा, मगच दुकानात जा. नाहीतर केवढीही बॅटरी घ्या, पहाट व्हायच्या आधी संपायचीच.

आणि काका? घर सांभाळणारे काका रविवारी संध्याकाळी खुर्ची टाकून बसले होते. हातात पुन्हा पाकीट. ‘‘अरे, ग्रँड कॅनियनची उंची किती?’’ काठावर सात हजार फूट, दादा म्हणाला, जानेवारीत रात्री शून्याखाली. ‘‘मग हीटरचे सहा तास धरू,’’ असं म्हणून त्यांनी नवी बेरीज मांडायला घेतली.