भाताच्या खाचरातले गणित

विज्ञानाची पदवी हाती आल्यावर गणिताची ओढ आणि माणसांत वावरण्याची हौस यांतले एकच निवडावे लागते, हा समज संख्याशास्त्राने, म्हणजे नमुन्यावरून समग्राचा अंदाज बांधणाऱ्या शास्त्राने, खोटा ठरवला आहे. पुणे जिल्ह्यातल्या भोर-वेल्ह्याच्या खाचरांतला पीक कापणी प्रयोग पाहावा: यादृच्छिक, म्हणजे कोणाच्याही मर्जीवर न सोडलेल्या, पद्धतीने निवडलेल्या शेतात चौकोन आखून तेवढेच भात कापले, झोडले आणि तोलले जाते व त्यावरून परिसराचे सरासरी उत्पादन ठरते. ही पद्धत देशात रुजवणाऱ्यांपैकी एक, १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे, पुढे जागतिक अन्न व कृषी संघटनेत भुकेचे मोजमाप करू लागले. तराजूवरचा आकडा अखेर कोणाच्या तरी ताटापर्यंत पोहोचतो, हेच या वाटेचे समाधान असावे.