वैरणीसकट

नवी गाडी घ्यायची ठरली तेव्हा जुन्या बोलेरो पिकअपवर घरात तीन मतं पडली. मुलगा म्हणाला, शोरूमला एक्स्चेंजमध्ये टाकू. धाकट्या भावाला ती मळ्यात शेणखत ओढायला हवी होती. माझ्या मनात गावाबाहेरचं मुलांचं वसतिगृह होतं. नारायणगावच्या टोमॅटो मार्केटात लिलाव उरकले की वसतिगृहाचा माणूस उरलेसुरले कॅरेट मागून गोळा करतो. कुणी नाही म्हणत नाही. पण तो माल न्यायला भाड्याचा छोटा हत्ती लागतो, आणि भाव पडलेले असले की मालापेक्षा भाडंच जास्त होतं. आमची पिकअप अशा वेळी दुकानासमोर रिकामी उभी.

वसतिगृहाचे हिशेब एक निवृत्त शिक्षिका बघतात. सगळे त्यांना बाईच म्हणतात. मी गाडीचं बोललो तेव्हा त्यांनी आधी चहा सांगितला, मग वही उघडली. ‘‘पासिंग कधीपर्यंत आहे? विमा? टायर?’’ मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा सोळा हजारांच्या वर जातो. आठ वर्षांपर्यंत पासिंग दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. शिवाय पर्यावरण कर, पीयूसी, डिझेल. त्यांनी खाली बेरीज मारली, शेजारी वर्षभराच्या भाड्याची रक्कम मांडली आणि चष्मा काढून म्हणाल्या, ‘‘गाडी परवडते, पण जेमतेम. यात इंजिनाचं काम निघालं तर नाही परवडत. तुम्हाला नचिकेताची गोष्ट ठाऊक असेल.’’

ठाऊक होती, पण अर्धीच. यमाच्या दारात जाऊन बसलेला मुलगा एवढीच. तो तिथवर गेला कशामुळे, ते बाईंनी सांगितलं. बापानं यज्ञात दान म्हणून दूध आटलेल्या, म्हाताऱ्या गायी द्यायला काढल्या, पोराला ते बघवलं नाही, म्हणून त्याने विचारलं, मला कुणाला देणार? ‘‘आमच्याकडे असलं दान फार येतं,’’ बाई म्हणाल्या. कोपऱ्यात एकावर एक रचलेले बंद कॉम्प्युटर होते. त्यांच्याकडे त्यांनी बोटही दाखवलं नाही, पण मला दिसायचं ते दिसलं.

मग ठरलं की गाय द्यायची तर वैरणीसकट.

मेस्त्रीने गाडी दोन दिवस ठेवून घेतली. इंजिन ठणठणीत होतं. क्लच प्लेट गेलेली, मागच्या पाट्यांतलं एक पान तुटलेलं. खरा घोळ हौद्यात होता. फुटक्या टोमॅटोचं पाणी कॅरेटखालून वर्षानुवर्षं एकाच कोपऱ्यात साचत आलं होतं आणि खताच्या गोण्यांनी उरलेलं काम केलं होतं. वरून रंग शाबूत दिसत होता. मेस्त्रीने तिथे हातोडीने हलकेच ठोकलं आणि पत्रा बिस्किटासारखा आत गेला. भोकातून स्टेपनी दिसायला लागली. ‘‘शेठ, यात पोरं बसली असती तर?’’ मालाच्या गाडीत पोरं बसवायची नसतात हे त्यालाही माहीत होतं, आणि बसवतात हेही. नवा पत्रा वेल्ड करून घेतला, फाळक्याच्या दोन्ही कड्या बदलल्या. मुलाने खर्चाचा आकडा ऐकून एक्स्चेंजची किंमत पुन्हा एकदा, मला ऐकू जाईल अशी, बायकोला सांगितली.

कागदांचं काम मात्र मी कुणावर सोडलं नाही. आपल्याकडे गाडी दिली की चावी आणि पेढा दिला जातो, नाव चढवायचं ‘बघू पुढच्या महिन्यात’. दान दिलेल्या गाडीच्या बाबतीत तर मागे लागायलाही संकोच वाटतो. पण 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे की अपघात झाला तर भरपाईसाठी नोंदणीत ज्याचं नाव, तोच मालक धरला जाणार. गाडी प्रत्यक्षात चार हात फिरलेली का असेना. म्हणून फॉर्म 29 आणि 30, संस्थेच्या विश्वस्तांचा गाडी स्वीकारल्याचा ठराव, धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीची प्रत, पॅन. आमची गाडी 2019 च्या आधीची, तेव्हा नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवल्याशिवाय काही हलणार नव्हतं. कर्ज केव्हाच फिटलेलं, तरी आरसीवर बँकेचा बोजा होताच. तो उतरवायला फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी. एमएच-14 म्हणजे हे सगळं पिंपरी-चिंचवडला. नाव बदललं तसा विमाही संस्थेच्या नावावर करून घेतला. त्यालाही चौदा दिवसांची मुदत असते.

भावाचा एकच आग्रह राहिला होता. फाळक्यावर ‘सप्रेम भेट’ लिहून खाली वडिलांचं नाव. आमच्या देवळातल्या पंख्याला तीन पाती आहेत आणि तिन्हींवर एकाच घराण्याची नावं आहेत, आजोबांपासून नातवापर्यंत. पंखा बंद असतानाच त्यांचं दातृत्व वाचता येतं. भावाला म्हटलं, गाडी उद्या पोलिसांनी अडवली तर आधी आपल्या अण्णांचं नाव वाचतील. तो गप्प बसला. पटलं म्हणून नव्हे.

सीएने आणखी एक गोष्ट सांगितली, जी आधी कळली असती तरी काही फरक पडला नसता: 80जी ची सवलत पैशाच्या देणगीला मिळते, वस्तूला नाही. गाडी कितीची का असेना, शून्य. रोख दिले तरी दोन हजारांच्या वर चालत नाही. म्हणून पहिल्या वर्षाच्या विम्याची रक्कम मी संस्थेला चेकने दिली. त्याची पावती मिळाली आणि दुकानाच्या हिशेबात ती जुन्या कर पद्धतीत बसली. वैरणीची पावती मिळते, गायीची नाही. बाईंना हे सांगितलं तर त्या मनापासून हसल्या.

ड्रायव्हर ठेवणं त्यांना परवडणार नव्हतं. वसतिगृहाच्या अधीक्षकांकडे साधं कारचं लायसन्स आहे. एवढ्या गाडीला ते पुरतं. साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी या लायसन्सवर चालवता येते, हे घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये कायम केलं. तेव्हा आता अधीक्षकच मार्केटला येतात. पहिल्याच आठवड्यात त्यांनी रिव्हर्स घेताना एका गाळ्याचा खांब वाकवला आणि गाडीचा मागचा दिवा फोडला. संध्याकाळी बाईंचा फोन आला.

‘‘हे विम्यात बसतं का हो?’’

‘‘खांबाचं बसेल, दिव्याचं नाही.’’

पलीकडे पेनाची खुडबुड ऐकू आली. ‘‘बरं. मग तुमचा तो मेस्त्री दिव्याचे किती घेईल?’’