मीटरची सवय

नवा कॅमेरा हाती आला की बहुतेक जण खिडकीतून समोरच्या इमारतीचा फोटो काढतात आणि तो मोठा करून बघत बसतात. लेन्स किती धारदार आहे, एवढं त्यातून कळतं. मला मात्र आधी हवं असतं ते हे, की याचा अंदाज कुठे चुकतो? समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून चालायची, प्रकाश मोजणाऱ्या मीटरची जुनी सवय असते. हल्लीची मीटरं हुशार झाली, तरी ती पुरती सुटलेली नाही. ती उघडी पाडणाऱ्या जागा ऐरोलीत रिक्षाच्या अंतरावर आहेत.

पहिली खाडी. ठाणे खाडीचा हा पट्टा 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 मध्ये रामसर यादीत गेला. किनारी व सागरी जैवविविधता केंद्राकडून बोट निघते. खाडी ऐरोलीच्या पश्चिमेला, म्हणून सकाळचं ऊन आपल्या पाठीवर आणि पक्ष्यांच्या अंगावर पडतं. ओहोटीला उघडा पडलेला चिखल खरोखरच करडा असतो, त्यामुळे इथे मीटर सहसा चुकत नाही. घोळ घालतो तो ऑटो व्हाइट बॅलन्स. कोवळ्या उन्हाचा पिवळेपणा काढता काढता तो पिसांवरचा फिका गुलाबीही धुऊन टाकतो. तो बंद करून सरळ ‘डेलाइट’वर ठेवायचा. बोट हलत असते, पंखही हलत असतात, तेव्हा शटर 1/1000च्या वरच बरं.

दुसरी जागा डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकाची. तिथला पांढराशुभ्र घुमट फ्रेमभर घेतला की मीटर बिचकतं आणि त्याला मळकट करून टाकतं. मी अर्ध्या-अर्ध्या स्टॉपने प्रकाश वाढवत जातो आणि हिस्टोग्रामवर नजर ठेवतो. आलेख उजव्या भिंतीला टेकला की उन्हातल्या कडेचे बारकावे गेले. ते नंतर संगणकावर परत येत नाहीत.

तिसरी परीक्षा जैवविविधता केंद्राच्या आतच. तिथे देवमाशाचा सांगाडा आहे. अशा दालनात हाडं उजळ आणि मागचं अंधुक असलं, की मीटर अंधाराला भुलून हाडं पांढरीफटक करतं. इथे प्रकाश उणे करायचा. शिवाय आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलं, तर काही दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे उमटतात. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून 1/50 किंवा 1/100 ठेवलं की ते बहुधा जातात.

पक्ष्याचा डोळा शोधणारा फोकस आज मध्यम किमतीच्या कॅमेऱ्यातही मिळतो. पण घुमट किती पांढरा दिसावा, हे कॅमेऱ्याला आपणच सांगायचं असतं. अशा फेरीतून मला दोन-चार आकडे मिळतात: पांढऱ्याला अधिक किती, अंधाराला उणे किती. दुसऱ्या कॅमेऱ्यात ते बदलतील. ते एकदा बोटांत बसले, की थवा उठतो त्या क्षणी मेनू चाळत बसावं लागत नाही.