गळ्यावरचं पोट

प्रल्हाद शिंदे २००४ साली गेले, तेव्हा मी पाळण्यात होतो. तरी आमच्या रावेरच्या वस्तीत १४ एप्रिलला भोंग्यावर पहिला आवाज त्यांचाच. केळीचे घड वाहून वाकलेला माझा बाप त्या आवाजानं ताठ होतो.

दोस्त विचारतात, भीमगीतं गाणाऱ्यानं सत्यनारायणाची कथा का गायली?

मी दालमिलमध्ये पोती उचलतो. माझं पोट हातावर, त्यांचं गळ्यावर होतं. मी उचललेली डाळ कुणाच्या नैवेद्याला जाते, मी कुठं विचारतो?

सवाल ऐकणाऱ्यांना आहे. गावात पूजेच्या घरी तो आवाज थेट देवघरापर्यंत जातो. त्याच घरी माझ्या बापाला चहा मिळतो ओसरीखाली, वेगळ्या कपात.

गळा चालतो, मग माणूस का नाही?