गिटारीच्या पोटातली वीज

विजेवरची गिटार मुलांच्या हाती आली, की घरातल्या मोठ्यांची तक्रार असते ती आवाजाची. माझ्या अकरावीतल्या भाचीच्या बाबतीत मात्र तक्रार तिचीच होती. कुणाची तरी वापरलेली गिटार स्वस्तात घेतलेली. अँप्लिफायरला जोडली की ती गुणगुणे, बटण फिरवले की खरखरे आणि आवाज कमी केला की गोधडीत गुंडाळल्यासारखी वाजे. भावोजींनी निकाल देऊन टाकला, ‘‘विकून टाक. अभ्यास तरी होईल.’’ पोर हिरमुसली. ताईने मला फोन केला. जुने रेडिओ उघडून बसण्याची माझी खोड माहेरी सर्वांना ठाऊक आहे.

खरे तर अशा गिटारीच्या पोटात फारसे काही नसते. तारांखाली पिकअप, म्हणजे लोहचुंबकाभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार कंप पावली की त्यात क्षीण वीज निर्माण होते. पुढे व्हॉल्यूम आणि टोनचे पॉट, एक स्विच, एखादा कपॅसिटर आणि जॅक. घरातली वीज आत येत नाही. त्यामुळे नवशिक्यानेही हात घालावा असे हे काम आहे.

भाचीला मी ब्रायन मेची गोष्ट सांगितली. पाचगणीत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या ‘क्वीन’ वाद्यवृंदातला हा गिटारवादक. दुकानातली गिटार परवडत नव्हती, म्हणून १९६३ मध्ये त्याने इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर असलेल्या वडिलांच्या मदतीने घरीच गिटार बनवायला घेतली. लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचे! पुढे जगभर तो तीच गिटार वाजवत राहिला. वडील आणि मूल एका टेबलाशी बसले, हे मला त्यात जास्त मोलाचे वाटते.

पण गिटार उघडण्यापूर्वी मी इलेक्ट्रिशियनला बोलावून भिंतीवरचे सॉकेट तपासायला लावले. तिसऱ्या छिद्रामागे अर्थिंगची वायरच नव्हती! गिटारीच्या तारा केबलमधून अँप्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. सांगाड्यात वीज उतरली आणि अर्थिंग नसले, तर ती थेट बोटांपर्यंत येते. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे गिटारवादक लेस्ली हार्वे अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून रंगमंचावरच दगावला. हे ऐकल्यावर भावोजी गप्प झाले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी अर्थिंग करून घेतले.

मग रविवारी आम्ही बसलो. भाचीच्या हाती सोल्डरिंग आयर्न, भावोजींच्या हाती टॉर्च. पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून बटण वीस-पंचवीस वेळा फिरवले, खरखर गेली. आवाज कमी करताना पॉटचा रोध आणि केबल मिळून वरचे स्वर गिळतात. त्यावर उपाय म्हणून ०.००१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १५० किलोओहमचा रेझिस्टर एकमेकांना समांतर जोडून व्हॉल्यूम पॉटच्या आत येणाऱ्या आणि मधल्या टोकांवर बसवला. टोनचा ०.०४७ चा कपॅसिटर काढून ०.०२२ चा लावला. बटण खाली आणले तरी आवाज पूर्वीइतका गढूळ होईना. शेवटी आतल्या पोकळीला तांब्याची चिकटपट्टी लावली, तुकडे एकमेकांना सोल्डरने जोडून ग्राउंडला नेले. ट्यूबलाइटची भुणभुण बरीच कमी झाली. एकेरी वेढ्याच्या पिकअपची थोडी गुणगुण राहतेच, ती स्वभावधर्म समजावी. सामान लॅमिंग्टन रोडवरून आणले. गिटारीच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळच.

एक पथ्य मात्र पाळा. अँप्लिफायर कधीही घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज साठलेली असू शकते. ते काम जाणकाराचेच.

गिटार विकण्याचा विषय त्या घरात पुन्हा निघालेला नाही. आता ‘‘तो कपॅसिटर नक्की करतो काय?’’ असे भावोजी लेकीला विचारतात आणि ती फिजिक्सचे पुस्तक उघडून समजावते.

तुमच्या घरी गिटार नसेल, पण फ्रीज, इस्त्री, गीझर असेलच. त्यांच्या सॉकेटचे तिसरे छिद्र खरोखर जमिनीशी जोडलेले आहे का, हे येत्या रविवारी इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्याच.