जुन्या गावांचा चेहरामोहरा

ज्या गावात आपण एक रात्रही काढलेली नाही, त्या गावच्या आळ्या आपणांस पाठ असू शकतात, हे कादंबरीच्या वाचकास निराळे सांगावयास नको. इंग्रजी साहित्य शिकविण्यात आमची तीस वर्षे गेली. त्या अवधीत जॉर्ज एलियटचे मिडलमार्च आम्ही वर्गात इतक्या वेळा हिंडून आलो की, पेढीवाल्या बलस्ट्रोडचे घर कोठे आणि नव्या डॉक्टराचे बिऱ्हाड कोठे, हे कोणी झोपेतून उठवून विचारले असते तरी आम्ही बेधडक सांगितले असते. कादंबरीतले गाव काल्पनिक खरे. परंतु लेखिका जेथे शाळेत होती आणि पुढे काही वर्षे राहिली, ते कव्हेंट्री शहर तिच्या डोळ्यांपुढे होते, असे बहुतेक टीकाकार मानतात. आता मिडलमार्च पाहण्यासाठी कव्हेंट्रीस जावे, तर ते तेथे नाही. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी त्या शहराचा मध्यभाग भाजून काढला, हे सर्वश्रुत आहे. पण सगळे पाप हिटलरच्या माथी मारण्याची सोय नाही. त्यापूर्वी चार वर्षे, १९३६ साली, बुचर रो नावाची लाकडी घरांची जुनी आळी शहराच्या कारभाऱ्यांनीच नव्या रस्त्यापायी जमीनदोस्त केली होती. पुढे बीबीसीने ही कादंबरी दूरचित्रवाणीवर आणावयाचे ठरविले, तेव्हा चित्रीकरणासाठी लिंकनशायरमधील स्टॅमफर्ड हे गाव निवडण्यात आले. १९९४ साली लोकांनी पाहिले ते मिडलमार्च म्हणजे स्टॅमफर्ड. लग्न एकाच्या घरचे आणि मांडव दुसऱ्याच्या दारी, तशातला हा प्रकार!

विलायतेस जाण्याचा योग आला तेव्हा आम्हीही ह्याच मांडवात जाऊन उतरलो. ऑक्टोबर महिना होता. तीन आठवडे एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी आमचे बिऱ्हाड होते. वेलंड नदीच्या काठी, मधाच्या रंगाच्या दगडाचे हे गाव. मध्ययुगातील पाच चर्चे आजही उभी. गावातील सहाशेच्या आसपास इमारती सरकारी संरक्षक यादीत आहेत. पण आकड्याने त्या गावाची कल्पना येत नाही. आमची दृष्टी खिळली ती छपरांवर. जवळच्या कॉलीवेस्टन खेड्यातून चुनखडीचा दगड खणून काढीत, हिवाळ्यात तो उघड्यावर मांडून त्यावर पाणी शिंपीत. थरांतले पाणी गोठून फुगले म्हणजे दगडाच्या पातळ चकत्या सुटत, आणि त्यांनी छपरे शाकारीत. म्हणजे ह्या गावची कौले थंडीने घडविलेली! हा धंदा विसाव्या शतकात बसला होता. अलीकडे दगड शीतपेटीत गोठविण्याची युक्ती निघाली, तेव्हा त्याला पुन्हा धुगधुगी आली.

हे गाव वाचले कसे? कोणाच्या शहाणपणामुळे, असे म्हणावयास आम्ही धजत नाही. लंडनहून उत्तरेस जाणारा राजमार्ग गावातून जाई. टपालाच्या घोडागाड्या येथे थांबत. ‘जॉर्ज’ नावाच्या जुन्या खाणावळीत लंडनच्या उतारूंची खोली निराळी आणि यॉर्कच्या उतारूंची निराळी. दारांवरची ती नावे आजही वाचावयास मिळतात. मग आगगाडी आली, आणि तिचा मुख्य मार्ग पीटरबरोवरून गेला. शेजारच्या बर्ली हाऊसच्या धन्याने ती अडविली, असे गावकरी सांगतात. इतिहासकार भूगोलाकडे बोट दाखवितात. काही असो, पीटरबरो वाढले आणि स्टॅमफर्ड होते तेथेच राहिले. जुने पाडून नवे बांधावयास पैसा लागतो, तो गावापाशी नव्हता. सफोकमधील लॅव्हनमची कथा ह्याहून वेगळी नाही: लोकरीचा व्यापार गेला, आणि लाकडी घरे तेवढी मागे राहिली. जुन्या वास्तूंची पहिली राखणदार दारिद्र्य होय. तिला कोणी पगार दिला नाही, की मानपत्रही दिले नाही.

पैसा जेथे आला तेथे त्याने ‘जीर्णोद्धार’ मांडला. हेमाडपंती देवळास ऑइलपेंट फासलेला ज्यांनी पाहिला आहे, त्या आमच्या वाचकांस ह्या शब्दाची भीती समजावून सांगण्याचे कारण नाही. चर्चांच्या भिंती खरवडून त्यांना कल्पित मध्ययुगीन रूप देण्याची जी साथ व्हिक्टोरियाच्या राज्यात पसरली, तिच्याविरुद्ध विल्यम मॉरिस ह्याने १८७७ साली प्राचीन वास्तूंच्या संरक्षणाचे मंडळ काढले. नव्याने घडवू नका, रोजची निगा राखा, एवढेच त्याचे मागणे होते. टॉमस हार्डी तरुणपणी वास्तुशिल्पी म्हणून अशाच ‘जीर्णोद्धारां’त राबला होता, तोही पुढे ह्या मंडळाचा सभासद झाला.

येथे लॉर्ड कर्झन ह्यांचे नाव घेणे भाग आहे. हिंदुस्थानात १९०४ साली प्राचीन स्मारकांचा कायदा करून ते स्वदेशी परतले, आणि १९११ साली लिंकनशायरमधीलच टॅटरशॉलचा किल्ला त्यांनी विकत घेतला. त्याच्या मध्ययुगीन दगडी शेकोट्या उपटून विकल्या गेल्या होत्या, अमेरिकेच्या वाटेवर होत्या. त्या शोधून कर्झनसाहेबांनी परत जागच्या जागी बसविल्या. १९१३ च्या इंग्लंडातील कायद्यास ह्या प्रकरणाने जोर मिळाला. बंगाल दुभंगणाऱ्या गृहस्थास एक किल्ला दुभंगलेला पाहवला नाही, ही दैवाची थट्टा खरी. पण किल्ला वाचला, हेही खरे.

मात्र हे सारे एकेकट्या वास्तूंविषयी झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ च्या नगररचनेच्या कायद्याने, राहत्या घरांच्याही याद्या होऊ लागल्या. आमच्या मते खरे मोठे पाऊल १९६७ चे. डंकन सँडिस ह्यांनी पुढाकार घेऊन संमत करविलेल्या कायद्याने एका इमारतीस नव्हे, सबंध वस्तीस संरक्षण देता येऊ लागले. आणि इंग्लंडातील असे पहिले क्षेत्र त्याच वर्षी ठरले ते स्टॅमफर्ड. आज अशी क्षेत्रे सुमारे दहा हजार आहेत. ह्यामागील विचार साधा आहे. गावाचा चेहरा राजवाड्याने बनत नाही. तो खाटकाच्या दुकानाने, परसाच्या भिंतीने, फरसबंदीने, वळणावर अवचित दिसणाऱ्या शिखराने बनतो. ह्यांतील एकही वस्तू एकटी पाहिली तर कोणी तिच्यासाठी वकिली करणार नाही. दंतपंक्तीतला एक दात पडला म्हणजे मनुष्य मरत नाही. हसताना मात्र दिसतो.

हे तत्त्व आम्हांस मान्य आहे. तथापि त्याचा हिशेब कोण चुकते करतो, हे आम्ही आमच्या घरमालकीणबाईंच्या दिवाणखान्यात पाहिले. घर अठराव्या शतकातले, संरक्षित. वरखाली सरकणाऱ्या लाकडी खिडक्यांचे खालचे दांडे कुजलेले. वारा सुटला म्हणजे पडदे आपोआप हालत आणि बाई शाल घट्ट ओढून घेत. दुहेरी काचांच्या प्लॅस्टिकच्या खिडक्या बसविल्या असत्या तर काम पुष्कळ स्वस्तात झाले असते आणि घर उबदार झाले असते. पण संरक्षित घरात परवानगीवाचून असा बदल करणे हा फौजदारी गुन्हा आहे, आणि अशा खिडक्यांना परवानगी मिळण्याची आशा नाही, हे त्या जाणून होत्या. आम्ही हळहळलो, तेव्हा त्या म्हणाल्या, “प्रोफेसरसाहेब, समोरच्या घराला तसल्या खिडक्या लागल्या तर मीच पहिली तक्रार करीन. मग मला तरी का सूट द्यावी?”

ह्या उत्तरापुढे आम्हांस बोलता येईना. गावाचे रूप सर्वांचे, ते डोळे भरून पाहणारे आम्हांसारखे प्रवासी फुकटे, आणि सुताराचे बिल मात्र एकट्या बाईंच्या नावे! सरकारचा न्याय तर त्याहून चमत्कारिक. नवे घर बांधले तर त्यावरील विक्रीकर शून्य. जुन्या घराची डागडुजी केली तर बहुधा शेकडा २०. म्हणजे एका हाताने सरकार घर जपावयास सांगते आणि दुसऱ्या हाताने जपणाराच्या खिशात हात घालते. १९६७ चा कायदा करणाऱ्यांनी गावाचा चेहरा ओळखला, ह्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहो. पण तो राखणाऱ्यांचा चेहरा ओळखावयाचे काम अजून राहिले आहे. खाटकाच्या दुकानात अत्तरी मेणबत्त्या मांडल्या तरी दर्शनी भिंत तीच राहते आणि कायद्याचे समाधान होते. बाईंचा विद्यार्थी असलेला गवंडी चुन्यात दर्जा भरण्यात निष्णात; सिमेंटने ओल कोंडते आणि दगड फुटतो, हे त्याने आम्हांस भिंतीवर दाखविले. ज्या गावाची घरे तो सांधतो, त्या गावात त्याला घर परवडत नाही. तो रोज पीटरबरोहून येतो.

आमच्या मुक्कामाच्या शेवटच्या आठवड्यात सुतार आला. त्याने कुजका भाग तेवढा कापून नव्या लाकडाचे तुकडे असे बेमालूम सांधले की, आम्ही खुर्ची ओढून पाहत बसलो. रस्त्याकडच्या दोन खिडक्या झाल्या, तेवढ्यावर बाईंनी काम थांबविले. परसाकडच्या चार खिडक्यांच्या फटींत त्यांनी वर्तमानपत्रांच्या घड्या कोंबल्या, आणि आमच्यासाठी चहाचे आधण ठेवले.